खाण सुरू होण्याआधी विहिरी मोजून घ्या

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: भद्रावती तालुक्यातल्या तुमच्या गावापासून दीड किलोमीटरवर कोळशाची खुली खाण येणार आहे. वावरं जाणार आहेत ती शेजारच्या गावाची, तुमच्या गावाची नाहीत. गावात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो विहिरी आटतील, घरोघरी दमा आणि कॅन्सर येईल. दुसरा म्हणतो आपलं तर काहीच जात नाही, उलट पोरांना काम मिळेल. यातलं खरं काय आणि खाणीच्या पर्यावरण मंजुरीआधीच्या जनसुनावणीत काय बोलावं, हे तुम्ही विचारलं आहे.

मी भूजलाचं काम करतो. वरोरा, भद्रावती, घुग्घुस, राजुरा, वणी या वर्धा खोऱ्याच्या कोळसापट्ट्यात गेली पंचवीस वर्षं विहिरी मोजत फिरलो आहे. आरोग्याबद्दल पुढे जे लिहितो, ते याच भागातल्या डॉक्टरांबरोबर गावागावांतल्या तपासण्यांना बसून शिकलेलं आहे. उत्तर लांबलं आहे, पण सुनावणीआधी सगळं वाचा.

'आपलं काहीच जात नाही' हे वाक्य मी गावोगावी ऐकलं आहे आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. ज्याचं वावर जातं त्याचा सातबारा यादीत येतो. एकरी मोबदला ठरतो, दोन एकराला एक नोकरी असा हिशेब होतो, त्याचं नाव सरकारी कागदावर राहतं. हद्दीबाहेरच्या गावाचं तसं होत नाही. जमीन त्याच्याच नावावर राहते. जमिनीखालचं पाणी, वरची हवा आणि घराच्या भिंती मात्र कुठल्याच यादीत नसतात. दहा-पंधरा वर्षांनी मी परत जातो, तेव्हा जास्त हवालदिल झालेलं दिसतं ते हे कडेचं गाव. पुनर्वसन झालेलं गाव निदान दुसरीकडे गेलेलं असतं.

आता पाणी. आपल्याकडे कोळशाचे थर बराकर नावाच्या खडकात आहेत आणि बऱ्याच ठिकाणी त्यांच्यावर कामठी वालुकाश्म आहे. हा वाळूचा दगड म्हणजे या भागाची पाण्याची कोठी. तुमच्या गावात जी विहीर मे महिन्यातही साथ देते, ती बहुधा याच दगडात उतरलेली असेल. खाली कोळसा असेल तर वरचा हा दगड फोडून बाजूला टाकावा लागतो. म्हणजे खाण पाण्याच्या कोठीशेजारी नसते, ती कोठीच फोडून खाली जाते. विहिरी दहा-पंधरा मीटर खोल, आणि खाणीचा खड्डा शंभर मीटरच्या पलीकडेही जाऊ शकतो. त्या खड्ड्यात चारही बाजूंनी पाणी झिरपतं. ते उपसल्याशिवाय खाली यंत्रं चालत नाहीत, म्हणून पंप दिवसरात्र चालू राहतात. आजूबाजूच्या जमिनीतली पाण्याची पातळी मग खड्ड्याच्या दिशेने उतरत जाते, नरसाळ्यासारखी.

हे नरसाळं किती लांब पसरेल? दगड किती पाणी सोडतो, पाऊस किती मुरतो, मध्ये भ्रंश, म्हणजे खडक तुटून सरकल्याची जागा, आहे का, नाला कुठून वाहतो, या सगळ्यावर ते ठरतं. खाणीपासून दोन किलोमीटरवरची विहीर आटलेली आणि आठशे मीटरवरची टिकलेली, असं दोन्ही मी पाहिलं आहे. त्यामुळे कोणी 'सगळ्या विहिरी आटणार' म्हणालं तर ते खरं नाही, आणि 'दीड किलोमीटरवर काही होत नाही' म्हणालं तर तेही खरं नाही. तुमचं गाव उताराच्या कुठल्या बाजूला आहे आणि तुमच्या विहिरी कुठल्या दगडात आहेत, हे पाहिल्याशिवाय कोणीही ठाम सांगू शकत नाही. पावसाळ्यात फरक जाणवत नाही. पहिली खूण दिसते ती उन्हाळ्यात. जी विहीर दोन तास पंप चालवून संध्याकाळपर्यंत भरायची, तिला दुसरा दिवस उजाडतो. मग कडेच्या हातपंपाला हवा येऊ लागते. मग कोणीतरी दोनशे फूट बोअर मारतो, शेजारी तीनशे फूट मारतो, आणि दोष कोणाचा हा प्रश्न आणखी गुंतत जातो.

दुसरी बाजूही सांगतो. खाणीतून उपसलेलं पाणी नाल्यात सोडतात, आणि खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांना काही वर्षं बारमाही पाणी मिळतं. त्यावर उन्हाळी पीक घेणारी घरं मी ओळखतो. तुमच्या गावातल्या दुसऱ्या तटाला हे कोणीतरी सांगितलेलं असणार आणि ते खोटं नाही. फक्त ते पाणी खाण चालू आहे तोवरच असतं, आणि ते त्याच कोठीतलं असतं.

पाण्याच्या प्रतीबद्दल एक गैरसमज दूर करतो, कारण सुनावणीत तो बोललात तर समोरचा तज्ज्ञ तुम्हाला तिथेच गप्प करेल. मेघालयातल्या जयंतिया टेकड्यांमध्ये कोळसा खाणींमुळे नद्यांचं पाणी आम्लधर्मी झालं, लुखा नदी हिवाळ्यात निळी दिसू लागली, हे फोटो तुम्ही पाहिले असतील. तिथल्या कोळशात गंधक खूप आहे. आपल्या गोंडवाना कोळशात ते साधारण एक टक्क्याहून कमी असतं, म्हणून तसं आम्लाचं पाणी इथे सहसा दिसत नाही. इथे जे वाढतं ते वेगळं: पाण्यातले विरघळलेले क्षार, कठीणपणा, सल्फेट, आणि सुरुंगाच्या दारूतल्या अमोनियम नायट्रेटमुळे काही वेळा नायट्रेट. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरा थर बसतो, ही बायकांची तक्रार त्यातूनच येते. आणि फ्लोराइड? ते चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही भागांत खडकातूनच, नैसर्गिकरीत्या येतं. त्याचं खापर खाणीवर फोडू नका. पण आधी किती होतं आणि नंतर किती झालं, हे जरूर बघा.

इथे मला एका बैठकीबद्दल सांगायचं आहे. राजुरा तालुक्यातल्या एका गावाच्या विहिरी आटल्या होत्या आणि गावकऱ्यांबरोबर मीही जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो होतो. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याने सरळ विचारलं, 'आधी किती पाणी होतं?' म्हाताऱ्या पाटलांनी हात उंच करून दाखवलं, मग म्हणाले, 'आठ हात दोर लागायचा साहेब, आता तीस हात पुरत नाही.' ते शब्दागणिक खरं बोलत होते. पण कागद नव्हता. खाणीच्या बाजूने आलेल्या माणसाकडे पर्जन्यमानाचा तक्ता होता, गावात किती नवे बोअर झाले त्याची यादी होती. दोन वर्षं पाऊस कमी होता, तेही खरंच होतं. अर्ध्या तासात बैठक संपली. गावाला उन्हाळ्यापुरते टँकर मिळाले. परत येताना बंडीवर कोणी बोललं नाही.

काही वर्षांनी दुसऱ्या एका गावात वेगळं घडलं. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी पोरांना भूगोल शिकवताना दर महिन्याला गावातल्या अकरा विहिरी मोजायला लावत. खाणीचं नावही नव्हतं तेव्हापासून. वहीत तारीख, विहीरमालकाचं नाव, पाण्याची खोली, मोजणाऱ्या पोराची सही. सात वर्षांची वही होती ती. खाण सुरू झाल्यावर तिसऱ्या उन्हाळ्यात पातळी एकदम खाली गेली, तेव्हा ती वही टेबलावर ठेवली. खाणवाल्यांकडे पावसाचा तक्ता होता, तसा आता गावाकडे विहिरींचा होता. याआधीच्या कमी पावसाच्या वर्षांतही विहिरी इतक्या खाली गेल्या नव्हत्या, हे कोणालाही दिसत होतं. सगळं मनासारखं झालं असं म्हणणार नाही, पण गावाला कायमची नळयोजना मिळाली आणि तिचा खर्च गावावर पडला नाही. त्या दिवसापासून मी प्रत्येक गावाला पहिली गोष्ट हीच सांगतो. खाण येण्याआधी मोजा.

कंपनी पर्यावरण अहवालासाठी जी पायाभूत मोजणी करते, ती पावसाळा सोडून एका हंगामाची असते, म्हणजे साधारण तीन महिन्यांची. तीन महिन्यांत विहिरीचा स्वभाव कळत नाही. तुमच्याकडे वेळ आहे. अधिसूचनेपासून पहिला कोळसा निघेपर्यंत बहुधा काही वर्षं जातात. तेवढ्यात तुम्ही त्यांच्याहून चांगली नोंद उभी करू शकता.

मोजायचं कसं तेही लिहितो. गावाच्या चारही अंगांच्या दहा-बारा विहिरी निवडा, खाणीकडच्या बाजूच्या थोड्या जास्त. प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर ऑइल पेंटने एक खूण करा आणि कायम त्या खुणेपासूनच पाण्यापर्यंतची खोली मोजा. पहाटे मोजा, पंप सुरू होण्याआधी. आदल्या रात्री उपसा झाला असेल तर तसं लिहा. महिन्यातून एकदा जमलं तर उत्तम. तेवढं नाही जमलं, तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ज्या महिन्यांत आपल्या निरीक्षण विहिरी मोजते, ते जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर चुकवू नका. तुमचे आकडे त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात. मोजताना मोबाइलवर फोटो काढा. वर्षातून दोनदा, मे अखेर आणि ऑक्टोबरमध्ये, तीन-चार विहिरींचं पाणी जिल्ह्याच्या सरकारी प्रयोगशाळेत द्या: एकूण क्षार, कठीणपणा, सल्फेट, नायट्रेट, फ्लोराइड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं. नायट्रेट ४५, फ्लोराइड इष्ट १ आणि कमाल १.५. नोंदवही ग्रामसभेत वाचून दाखवा आणि ठरावात घ्या. ठराव झाला की ती वही गावाची होते, कोणा एकाची राहत नाही.

हवेबद्दल लोक सुरुंगाच्या धुळीला घाबरतात, कारण ती दिसते. प्रत्यक्षात जास्त धूळ रस्त्याची असते. खाणीच्या आतल्या कच्च्या रस्त्यावर दिवसभर डंपर फिरतात, आणि कोळसा बाहेर पडला की हायवा ट्रक गावरस्त्याने रेल्वे सायडिंगपर्यंत, म्हणजे मालगाडीत कोळसा भरायच्या जागेपर्यंत, जातात. ताडपत्री अर्धीच बांधलेली, चाकांना लागलेला चिखल डांबरावर सुकून भुगा झालेला. म्हणून सुनावणीत खाणीच्या हद्दीपेक्षाही कोळसा-वाहतुकीच्या मार्गाबद्दल जास्त विचारा. ट्रक तुमच्या गावातून जाणार का? शाळेसमोरून? दिवसाला किती फेऱ्या? वेगळा रस्ता किंवा कन्व्हेअर, म्हणजे सरकता पट्टा, का नाही? मार्ग एकदा ठरला की तो बदलून घेणं फार कठीण जातं.

आपल्या पट्ट्यात ही धूळ आधीच भरलेल्या हवेत पडते. खाणी, औष्णिक वीजकेंद्र, सिमेंट आणि स्पंज आयर्नचे कारखाने सगळे एकाच खोऱ्यात आहेत. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथ्या क्रमांकावर होतं. हिवाळ्यातल्या सकाळी वारा पडलेला असतो, थंड हवा जमिनीलगत बसते आणि धूळ वर जात नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे शाळेत जाणारी पोरं ती श्वासात घेतात. कंपनीची मोजणी मार्च ते मे या वाऱ्याच्या महिन्यांत झाली असेल तर अहवालातला आकडा कमी दिसतो. ती कुठल्या महिन्यांची आहे हे बघाच.

धुळीचे कण जितके बारीक, तितके आत जातात. दहा मायक्रॉनपर्यंतचे कण घशापासून श्वासनलिकांपर्यंत, अडीच मायक्रॉनखालचे फुप्फुसाच्या तळाशी, आणि त्यातले अगदी बारीक रक्तापर्यंत. मोकळ्या हवेसाठी देशाचं मानक दहा मायक्रॉनच्या कणांना घनमीटरला २४ तासांचं सरासरी १०० मायक्रोग्रॅम आणि वर्षाचं ६० आहे. अडीच मायक्रॉनसाठी ६० आणि ४०. कोळसा खाणींच्या आवारासाठी वेगळं, बरंच सैल मानक आहे. अहवालात 'सर्व आकडे मर्यादेत' असं वाक्य दिसलं की कुठली मर्यादा, हे विचारा. घरात राहणाऱ्या माणसाला घराची मर्यादा लागू व्हायला हवी.

आजार कोणते? डॉक्टर मित्रांबरोबर आम्हाला सतत दिसतं ते असं: लहान मुलांना लांबलेला खोकला आणि घरघर, आधीच दमा असलेल्यांना वारंवार झटके, चुलीपुढे वर्षानुवर्षं बसलेल्या बायकांना धाप, म्हाताऱ्यांना हिवाळ्यात दवाखाना. चूल, तंबाखू, बिडी आणि खाण यांना एकमेकांपासून सुटं करता येत नाही, आणि खाणीची माणसं नेमकं चुलीकडे बोट दाखवतात. पण चूल आधीही होती. फरक कशाने पडला ते दाखवायचं तर पुन्हा आधीची नोंद लागते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण रजिस्टरमध्ये खोकला-दम्याचे किती रुग्ण येतात, याची गेल्या तीन वर्षांची महिनावार संख्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे मागा; नावं नकोत, संख्या पुरे. आशाताईंना घरोघरचं माहीत असतं, त्यांना सोबत घ्या. पीक फ्लो मीटर नावाचं फुंकायचं साधं नळकांडं स्वस्तात मिळतं. शाळेतल्या पोरांची वर्षातून दोनदा फुंकमोजणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली करून ठेवता येते.

कॅन्सरचं भय मी समजू शकतो, आणि ते निराधारही नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्ये मोकळ्या हवेतलं प्रदूषण आणि त्यातले कण कर्करोगकारक ठरवले आहेत. पण दीड हजार वस्तीच्या गावात पाच वर्षांत दोनाचे चार रुग्ण झाले, तर त्याचं कारण खाण आहे की योगायोग, हे कोणीही सिद्ध करू शकत नाही. सुनावणीत पहिला शब्द कॅन्सर काढलात तर चर्चा तिथेच अडकते आणि श्वसनाचा प्रश्न, जो दाखवता येतो, मागे पडतो. श्वास, पाणी, रस्ता, भिंती, या क्रमाने बोला असं माझं मत आहे.

आता तुमच्या दुसऱ्या तटाची पोरं, ज्यांना काम मिळणार आहे. त्यांच्याबद्दल मला मनापासून लिहायचं आहे, कारण त्यांच्याविषयी फार कमी बोललं जातं. हद्दीबाहेरच्या गावातल्या पोराला कायमची नोकरी सहसा मिळत नाही. मिळतं ते कंत्राटदाराकडचं काम: डंपर, ड्रिल, रस्त्यावर पाणी मारणं, सायडिंगवर भराई. कोळशावरचा वाळूचा दगड फोडताना जी धूळ उडते तिच्यात गारेचा, म्हणजे सिलिकाचा अंश मोठा असतो. ती वर्षानुवर्षं श्वासात गेली की फुप्फुसात गाठी होतात. या सिलिकोसिसला औषध नाही. तो बहुतेकदा दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळाने दिसतो, तोवर कंत्राटदार बदललेला असतो. एक्स-रे क्षयासारखा दिसतो, म्हणून आपल्याकडे अशा माणसाला क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. एकदा, दोनदा, तीनदा. सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याची शक्यताही खरोखर जास्त असते, त्यामुळे निदान आणखी गोंधळतं. कायद्यानुसार हा नोंद करण्याजोगा आजार आहे आणि त्याची भरपाई मिळते. पण माणूस त्या खाणीत किती वर्षं होता हे सिद्ध व्हावं लागतं.

म्हणून कामाला जाणाऱ्या प्रत्येक पोराला सांगा: कामावर घेताना वैद्यकीय तपासणी आणि त्यानंतर निदान दर पाच वर्षांनी पुन्हा तपासणी हा कंत्राटी कामगाराचाही हक्क आहे. पहिल्या दिवसाचा छातीचा एक्स-रे घरी ठेवा. हजेरीपत्रकाचा, गेटपासचा, पगारपावतीचा फोटो दर महिन्याला काढून ठेवा. पुढे डॉक्टरकडे गेलात तर 'मी खाणीत ड्रिलवर होतो' हे स्वतःहून सांगा, कारण डॉक्टर विचारतीलच असं नाही. तोंडाला गमछा बांधल्याने बारीक सिलिका अडत नाही. ओलं ड्रिलिंग आणि योग्य मास्क, दोन्ही मागून घ्या.

सुरुंगामुळे घरांना भेगा पडतात, ही सगळीकडची तक्रार. इथे काळ्या मातीची अडचण आहे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि खाण नसलेल्या गावांतही भिंतींना तडे जातात. कंपनीचा अभियंता येतो आणि मातीकडे बोट दाखवतो. त्याचं अर्धं बरोबर असतं. उपाय पुन्हा तोच. सुरुंग सुरू होण्याआधी प्रत्येक घराच्या प्रत्येक भिंतीचा फोटो, तारखेसह. असलेल्या भेगांवर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवा. भिंत सरकली की काच तडकते आणि तारीख कळते. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या निकषानुसार खाणीच्या मालकीच्या नसलेल्या राहत्या घरांजवळ, कंपनाची वारंवारता ८ हर्ट्झच्या खाली असेल तर कंपनाचा वेग सेकंदाला ५ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. मोजायचं यंत्र कंपनीकडे असतंच. ते वर्षातून एकदा न आणता ठरावीक वारी गावात ठेवा आणि पावती तिथेच द्या, असं लेखी मागा.

खोदलेल्या मातीचे ढिगारे हा आपल्याकडचा फार मोठा आणि दुर्लक्षित विषय आहे. एक टन कोळशामागे त्याच्या काही पट माती-दगड निघतो आणि तो कुठेतरी टाकावा लागतो. ते कुठेतरी म्हणजे बहुधा नदी-नाल्याकाठची पडीक जमीन. चंद्रपूर शहरात २००६ आणि २०१३ मध्ये इरई नदीचे पूर आले, तेव्हा नदीकाठच्या ढिगाऱ्यांनी पात्र आवळलं हा आरोप झाला. माझं मत, ढिगारे हे एक खरं कारण. पूररेषेत वाढलेल्या वस्त्या हे दुसरं. तुमच्या गावाचा नाला पावसाळ्यात कुठवर चढतो, ते ज्येष्ठांना विचारून आत्ताच नकाशावर काढा. ढिगाऱ्याची नियोजित जागा अहवालात असते. ती त्या रेषेच्या आत येत असेल तर सुनावणीतला तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा तोच, कारण त्याला कुठल्याही भविष्यवाणीची गरज नाही. ढिगाऱ्याचा गाळ पहिल्या पावसात वावरात उतरतो आणि त्याखाली काळी माती गाडली जाते. शिवाय जुन्या ढिगाऱ्यांवर वेड्या बाभळीचं दाट रान माजतं आणि त्यात बिबटे, वाघ मुक्काम करतात. २०२२ च्या सुरुवातीला चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरच्या बाजूला वाघ-बिबट्यांच्या हल्ल्यांत माणसं गेली. ताडोबा तुमच्यापासून लांब नाही, म्हणून रोपं कुठली लावणार, झुडपं कोण काढणार, हेही विचारा.

घुग्घुसला ऑगस्ट २०२२ मध्ये अमराई वॉर्डातलं एक अख्खं घर जमिनीत गेलं, ते तुम्हाला आठवत असेल. तो धोका जुन्या भूमिगत खाणींचा आहे. वरोऱ्याला १८७० च्या दशकात कोळसा काढायला सुरुवात झाली, तेव्हापासून हा जिल्हा आतून पोखरला गेला आहे. तुमची खाण खुली असल्यामुळे तिच्यामुळे तसं होण्याची भीती कमी. फक्त गावाखाली जुनं भूमिगत काम आहे का, एवढं विचारून खात्री करा.

सुनावणीचं आता नेमकं सांगतो. जाहीर सूचना निदान तीस दिवस आधी निघावी लागते. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषदेत बघायला मिळतो, सारांश मराठीत असतो. सारांशावर थांबू नका. मूळ अहवालात खाणीभोवतीच्या दहा किलोमीटरचा अभ्यास असतो, म्हणजे तुमचं गाव त्यात आहेच. गावाचं नाव, लोकसंख्या, विहिरींची संख्या बरोबर आहे का ते आधी तपासा. मी अशा अहवालांत नसलेली धरणं आणि गायब झालेले नाले पाहिले आहेत. सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाहून कमी नसलेले प्रतिनिधी असतात, सगळ्याचं चित्रीकरण होतं. शेवटी कामकाजाचा गोषवारा लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो. तोवर मंडप सोडू नका. तुम्ही बोललेलं त्यात नसेल तर तिथेच उठून सांगा. बोलायची संधी मिळो न मिळो, लेखी निवेदन आधीच द्या आणि पोच घ्या.

जमिनीचा कायदा वेगळा आहे. सरकारी कंपनीच्या कोळसा खाणीसाठी १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याने संपादन होतं. त्यात कलम ७ ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा कळवणारी, सूचना निघाल्यापासून तीस दिवसांत हरकत घेता येते. तुमच्या शेजारच्या गावाला हे सांगा, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ती तारीख उलटून गेल्यावर कळेल.

नेमकं मागायचं काय? विरोध करायचा की नाही हे तुमच्या ग्रामसभेने ठरवावं, ते मी सांगणार नाही. पण खाण झालीच तर काय हवं, याची यादी तयार ठेवा. गावाच्या शिवारात खाणीच्या बाजूने दोन पिझोमीटर, म्हणजे फक्त पातळी मोजण्याच्या बोअर, आणि त्यांचे आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर. विहीर आटली तर आधी पाणी द्यायचं आणि कारणाचा वाद नंतर, अशी लेखी अट. ट्रकसाठी गावाबाहेरचा रस्ता कोळसा निघण्याआधी. रात्री दहानंतर सुरुंग आणि गावातून वाहतूक नाही. दरवर्षी फुप्फुसांची तपासणी, कंपनीच्या नव्हे तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांकडून. या गोष्टी पर्यावरण मंजुरीच्या अटींत लिहून आल्या तर त्यांना वजन येतं. मंजुरीनंतर कंपनीला दर सहा महिन्यांनी अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो आणि तो सार्वजनिक असतो. गावात कोणीतरी तो दर जूनला आणि डिसेंबरला उतरवून घ्यायलाच हवा; तुम्ही पदवीधर आहात, हे काम तुम्ही घ्या.

पैशाचा स्रोतही माहीत असू द्या. २०१५ पासून प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. खाणधारक रॉयल्टीच्या, म्हणजे खनिजापोटी सरकारला द्यायच्या रकमेच्या, १० किंवा ३० टक्के एवढी रक्कम त्यात भरतो, भाडेपट्टा कधी आणि कसा दिला त्यावर ते ठरतं. मूळ नियमांत निदान ६० टक्के खर्च पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण नियंत्रण अशा कामांवर करायचा होता. हा पैसा बाधित गावांसाठी आहे, आणि तुमचं गाव जमीन न देताही बाधित ठरू शकतं. ग्रामसभेचा ठराव करून गावाचं नाव बाधित यादीत आहे का, हे लेखी विचारा.

तुमच्या गावातला वाद मिटवायची एक वाट मला दिसते. विहीर मोजायला दोन्ही तटांची हरकत नसते. खाण हवी म्हणणाऱ्याचीही विहीर आहे आणि नको म्हणणाऱ्याच्याही घरात कामाला जाणारा पोरगा आहे. मोजणीच्या गटात दोन्हीकडची माणसं घ्या, सह्या दोन्हीकडच्या असू द्या.

सुरुवात ऑक्टोबरमध्ये करा, पाऊस थांबला की. तोवर दहा-बारा विहिरींची यादी, मालकांची परवानगी आणि रंगाचा डबा एवढी तयारी पुरे. पहिल्या दोन मोजण्यांचे आकडे इथेच लिहा. चुका कुठे होतात ते बघून सांगतो.